बेटावरचं बेट

मागच्या हिवाळ्यात कर्वेनगरच्या एका कार्यालयात मावसबहिणीच्या मुलीचं लग्न होतं. स्टेजच्या मागे झेंडू नाही, शेवंती नाही, आंब्याची डहाळीसुद्धा नाही. सगळीकडे फिकट बदामी रंगाचे, मांजराच्या शेपटीसारखे फुललेले तुरे. नवरीचे आजोबा, म्हणजे आमचे दौंडचे काका, पहिल्या रांगेत टेकले, चष्मा सारखा केला आणि चार खुर्च्यांपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तुरा आलेला ऊस लावलाय की रे! कारखान्यानं घेतला नाही वाटतं."

नवरी हिरमुसली. "आजोबा, पँपास आहे तो. सध्या सगळे हेच लावतात."

काका चुकले होते, पण फार नाही. ऊस काय, पँपास काय, दोन्ही गवतंच. गहू, ज्वारी आणि बांबूच्या कुळातली. उसाला तुरा आला की काकांच्या पोटात गोळा येतो, कारण ऊस आतून पोकळ पडू लागतो आणि साखरेचा उतारा घटतो. पँपासचा तुरा पाहून पोटात गोळा येणारी माणसंही जगात आहेत. ती प्रशांत महासागरात, हवाई बेटांवर राहतात. त्यांचं दुखणं काय ते कळायला पुणेकराला फार लांब जावं लागत नाही. निम्म्या गोष्टी आपल्या टेकडीवर आणि उरलेल्या काकांच्या फडात सापडतात.

आधी या गवताची ओळख करून घेऊ. 'पंपा' हा दक्षिण अमेरिकेतल्या केचुआ भाषेतला शब्द, अर्थ सपाट माळ. बाजारात पँपास म्हणून मिरवणाऱ्या गवताच्या मुख्य जाती दोन. कोर्टाडेरिया सेलोआना ही अर्जेंटिना, उरुग्वे, दक्षिण ब्राझील या भागातली. कोर्टाडेरिया जुबाटा ही इक्वेडोर, पेरू, बोलिव्हियाकडच्या अँडीज पर्वताच्या उतारांवरची. कोर्टाडेरिया हे नाव स्पॅनिशमधल्या 'कापणे' या शब्दावरून आलंय आणि ते अगदी रास्त आहे. पानांच्या कडांना सिलिकाचे बारीक दाते असतात. उसाच्या फडात उघड्या हातांनी शिरलेल्या माणसाला यापेक्षा जास्त सांगायला नको.

हे गवत ठोंब धरून वाढतं. माणसाच्या डोक्यावर जाणारा, पसरलेला, आत सुकलेल्या पानांचा गच्च भारा असलेला ठोंब. असा झुबका बांबूचा असला तर मराठीत त्याला आपण बेटच म्हणतो. म्हणजे हवाईतली भानगड ही बेटावरच्या बेटाची आहे.

आता तुरा. आपल्याला जो मऊपणा दिसतो, तो म्हणजे केस. हे केस सजावटीसाठी उगवलेले नाहीत. प्रत्येक बारीक बीजाला केसांचा झुपका असतो आणि तो वाऱ्यावर बी तरंगत ठेवतो. रुईची म्हातारी उडते तसंच, फक्त आकार फार लहान आणि संख्या अफाट. एका मोठ्या तुऱ्यात लाखापर्यंत बिया असू शकतात, आणि एका ठोंबाला तुरे अनेक. वारा धरला की बी कित्येक किलोमीटर जातं. दिवाणखान्यात फुलदाणीत खोचलेली ती वस्तू खरं तर बी उडवायचं यंत्र आहे.

इथे एक गंमत आहे, आणि मला वाटतं सगळ्या प्रकरणाची किल्ली तिच्यातच आहे. सेलोआना जातीत काही ठोंब निव्वळ मादी असतात, तर काहींच्या फुलांत नर-मादी दोन्ही भाग असतात. मादीचा तुरा जास्त भरदार आणि झुबकेदार. कॅलिफोर्नियात १८७० च्या दशकात सांता बार्बराच्या जोसेफ सेक्स्टन नावाच्या रोपवाटिकावाल्याने या तुऱ्यांचा धंदा सुरू केला. तुरे सुकवून दूरदूरच्या श्रीमंत घरांच्या दिवाणखान्यांत जाऊ लागले. साहजिकच गिऱ्हाइकाला भरदार तुरा हवा. म्हणून लागवड करणाऱ्यांनी माद्या निवडल्या आणि ठोंब फोडून त्यांचीच रोपं वाढवली. परागकण देणारं जवळ कुणी नाही, त्यामुळे बी जवळपास धरतच नव्हतं. वर्षानुवर्षं पँपास शहाण्या पाहुण्यासारखा कुंपणाच्या आत राहिला. लोकांना वाटलं, हे गवत पसरणारं नव्हेच.

पुढे बियांपासूनही रोपं होऊ लागली. १९४६ मध्ये तिथल्या मृदसंधारण खात्याने तर कोरडवाहू चारा म्हणून दोन जिल्ह्यांत ते मुद्दाम लावलं. मादीच्या शेजारी दुभाषी जोडीदार आला, बी धरलं आणि गवत कुंपणाबाहेर पडलं. ('दुभाषी' हा माझा शब्द, वनस्पतिशास्त्राची माणसं 'उभयलिंगी' म्हणतील.) वनस्पती येण्यापासून ती उच्छाद मांडेपर्यंत मध्ये जो शांततेचा काळ जातो, तो कधी पाच वर्षांचा असतो, कधी शंभर. फसगत होते ती याच काळात. "अहो, आमच्या बंगल्यात वीस वर्षं आहे, कुठे पसरलंय?" हे वाक्य त्या शांततेतलं असतं.

जुबाटा मात्र शांतताही पाळत नाही. तिला जोडीदार लागतच नाही. सगळी झाडं मादी, आणि परागण न होताच बी तयार होतं. त्या बीतून उगवणारं रोप म्हणजे आईची हुबेहूब नक्कल. एक बी, एक रोप, पुढच्या हंगामात लाखभर आया. हवाईतल्या मावी बेटावर मुख्यतः हीच जुबाटा बोकाळली. बंगल्यांच्या बागांत शोभेसाठी लावलेली, तिथून वाऱ्यावर बसून डोंगरात गेलेली.

इथे कुणीही विचारेल की थंड अँडीजमधलं गवत उष्ण कटिबंधातल्या बेटावर जगतंच कसं? उत्तर उंचीत आहे. मावी म्हणजे फक्त समुद्रकिनारा आणि नारळ नव्हे. त्या बेटावर हालेआकाला नावाचा ज्वालामुखी ३,०५५ मीटर उभा आहे. कळसूबाईच्या जवळपास दुप्पट. खाली घाम फुटतो आणि वर कानटोपी लागते. मधल्या पट्ट्यात धुकं, पाऊस, गार वारा, म्हणजे थेट अँडीजच्या उतारासारखं हवामान. उष्ण बेटावर मधोमध थंड प्रदेशाचा एक तुकडा आयता मिळाला आणि जुबाटाला माहेर सापडलं. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून हालेआकाला राष्ट्रीय उद्यानाची माणसं तिच्या मागे लागलेली आहेत.

त्याच ज्वालामुखीच्या माथ्यावर आहिनाहिना नावाची एक वनस्पती राहते. इंग्रजीतल्या नावाचा अर्थ 'चांदीची तलवार'. पानांवर रुपेरी लव, आकार मोठ्या चेंडूसारखा. ती वीस ते नव्वद वर्षं नुसती वाढते, एकदाच पुरुषभर उंचीचा फुलोरा काढते आणि मरते. आपल्या कारवीची थोरली बहीण म्हणा ना. कारवी सात वर्षांनी फुलते आणि संपते तरी सह्याद्रीत ती डोंगरच्या डोंगर भरून आहे. आहिनाहिनाच्या या प्रकाराला मात्र जगात घर एकच, हालेआकाला. तिथून गेली की गेली. जी वनस्पती पन्नास वर्षांत एकदा बी देते, तिच्या डोंगरावर दरवर्षी लाखांनी बी उडवणारं गवत येऊन उतरलंय. सामना किती बरोबरीचा ते तुम्हीच ठरवा.

बेटं अशी हळवी का असतात? हवाई बेटं सगळ्यात जवळच्या खंडापासून सुमारे ३,८०० किलोमीटरवर आहेत. समुद्रातून वर आली तेव्हा नुसता लाव्हा. वाऱ्यावर, लाटांवर, पक्ष्यांच्या पोटात जे काही चुकूनमाकून पोचलं, त्यातून लाखो वर्षांत तिथली सृष्टी घडली. म्हणून तिथल्या मूळच्या सपुष्प वनस्पतींपैकी दहातल्या नऊ जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. जमिनीवर राहणारा मूळचा सस्तन प्राणी एकच, आणि तोही उडणारा: वटवाघूळ. शेळी नाही, डुक्कर नाही, गाय नाही. खाणारं तोंडच नाही म्हटल्यावर झाडांनी हत्यारं टाकून दिली. तिथल्या रासबेरीला काटे जवळपास उरलेलेच नाहीत, पुदिन्याच्या कुळातल्या झाडांनी वास सोडून दिलाय. चोर नसलेल्या गावात कुणी कड्या-कोयंडे कशाला लावेल? मग एक दिवस माणूस जहाजातून उतरला, आणि त्याच्याबरोबर शेळ्या, डुकरं आणि बागेची हौस.

शिवाय बेटावर उघडी जमीन सतत तयार होत असते. ताजा लाव्हा, दरड कोसळलेला उतार, रस्त्यासाठी कापलेली कड. अशा नव्या लाव्ह्यावर सगळ्यात आधी बस्तान बसवायचा मान ओहिया नावाच्या तिथल्या झाडाचा. त्याचंही बी हलकं, वाऱ्यावर उडणारं. पँपासलाही नेमकी तीच उघडी, उजेडाची जागा हवी असते. ओहियाचं रोप वीतभर होईतो पँपासचा ठोंब त्याच्यावर सावली धरून बसलेला असतो. रिकाम्या प्लॉटवर आधी पत्र्याची शेड कोण टाकतं, यावर पुण्यात जे घडतं तेच तिथे घडतं.

तिसरी गोष्ट आगीची. पँपास आपली मेलेली पानं टाकत नाही, ती ठोंबातच साठत जातात. बाहेरून हिरवं, आत पेंढा. पेटलं तर भसकन पेटतं, आणि आग विझल्यावर बुडख्यातून पुन्हा फुटतं. हवाईच्या बऱ्याचशा जंगलांना आगीची सवयच नाही. तिथली झाडं जळली की परत येत नाहीत. त्या रिकाम्या जागी पुन्हा गवतच येतं, ते पुढच्या आगीला सरपण होतं. गवत आगीला वाढवतं आणि आग गवताला. या चक्राचं सगळ्यात भयानक रूप मावीवरच दिसलं. ८ ऑगस्ट २०२३ ला लाहाइना गाव जळालं, शंभरावर माणसं गेली. ठिणगी विजेच्या तुटलेल्या तारेची होती, वारा वादळी होता. पण आग पसरली ती उसाचे मळे बंद पडल्यावर मोकळ्या राहिलेल्या रानांतल्या वाळक्या गवतावरून. तिथे पँपास नव्हतं, हे स्पष्ट सांगायला हवं. ती गिनी गवतासारखी आफ्रिकेतून आणलेली गवतं होती. हो, तेच गिनी गवत, जे आपल्याकडे गोठ्यामागे म्हशींसाठी लावतात. आपल्याकडे ते रोज कापून म्हशीपुढे जातं. तिथे कापणारं कुणी उरलं नाही.

आता मावीची माणसं काय करतात ते पाहू, कारण तिथेच थोडी आशेची जागा आहे. पँपासचं बी उडण्यात वस्ताद आहे, पण टिकण्यात कच्चं. मातीत पडून ते काही महिन्यांपलीकडे फारसं जिवंत राहत नाही. याच्या उलट आपलं गाजरगवत. त्याचं बी मातीत वर्षानुवर्षं दबा धरून बसतं. आज उपटलं तरी मातीच्या बँकेत मुदत ठेवी पडलेल्याच असतात, पाऊस आला की एकेक ठेव पिकते. पँपासचं बँकेत खातंच नाही. त्याचा सगळा कारभार रोखीचा. म्हणून फुलोऱ्यावर यायच्या आत ठोंब गाठला तर तो डोंगर खरंच मोकळा करता येतो.

गाठणं मात्र जिकिरीचं. मावी इन्व्हेसिव्ह स्पीसीज कमिटी नावाची तिथली संस्था हेलिकॉप्टरमधून पश्चिम मावीचे कडे धुंडाळते, कारण काही ठोंब अशा जागी असतात जिथे पाय ठेवायची सोय नाही. जिथे चालत जाता येतं तिथे पद्धत ठरलेली: आधी तुरा हळूच कापून पिशवीत बांधायचा, मग कुदळ. उलटं केलं तर प्रत्येक घावाबरोबर आपणच बी पेरतो. डोंगरातलं हे काम दिसायला थोर, पण दमवणारी लढाई अंगणात असते. एखाद्या आजीबाईंना जाऊन सांगायचं की तुमच्या हातचं हे देखणं झाड पाच मैलांवरच्या जंगलाला मारतंय. हे वाक्य कुठल्याच भाषेत गोड करून सांगता येत नाही. हवाईत पँपास आता सरकारी उपद्रवी तणांच्या यादीत आहे. न्यूझीलंडमध्ये त्याची विक्री आणि लागवड बंद आहे. स्पेनने २०१३ मध्येच ते बेकायदा ठरवलं.

न्यूझीलंडची अडचण जरा वेगळी. तिथे पँपाससारखंच दिसणारं एक देशी गवत आहे, तोइतोइ. माओरी लोक ते पिढ्यानपिढ्या वापरत आलेत. उत्साही स्वयंसेवकाने पँपास समजून तोइतोइ उपटलं तर सगळंच मुसळ केरात. म्हणून तिथे खुणा शिकवतात. पँपासचं पान झटका दिला की तटकन तुटतं, तोइतोइचं तुटत नाही. पँपासची बुडातली वाळलेली पानं सुताराच्या रंध्याखालून निघणाऱ्या सालप्यांसारखी गोल वळतात. मला ही दुसरी खूण फार आवडते. एकदा सुताराचा कट्टा पाहिला असेल तर माणूस ती विसरत नाही.

आपल्याकडचं तोइतोइ म्हणजे काश. पावसाळा सरता सरता नदीकाठी, ओढ्याकाठी पांढरे तुरे डोलताना दिसतात ते. हौशी लोक त्याच्यासोबत फोटो काढून खाली 'पँपास' लिहितात. ते पँपास नव्हे, इथलंच आहे, त्याला हात लावू नका. उसाचं ते जंगली भावंड. कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्रात १९१२ च्या सुमारास उसाशी त्याचा संकर केला गेला, आणि आज काकांच्या फडात उभ्या असलेल्या उसातही त्याचा अंश आहे. पण हेच आपलं गुणी काश मध्य अमेरिकेतल्या पनामात गेलं आणि तिथे मोकळ्या रानांवर असं पसरलं की जंगल परत यायला जागा देईना. म्हणजे गवत मुळात वाईट नसतं. वाईट असतं ते त्याचं ठिकाण चुकणं.

परदेशी म्हणजे घातक, असाही अर्थ काढू नये. उपासाची खिचडी घ्या. साबुदाणा ज्या कंदाचा तो दक्षिण अमेरिकेतला, शेंगदाणा तिथलाच, बटाटा अँडीजमधला, मिरचीही अमेरिका खंडातली. एकादशीला देवापुढे आपण जे ठेवतो ते बहुतेक पँपासच्या शेजारपाजारचं. यातल्या कुणी टेकडी बळकावली नाही, कारण माणसाने पेरल्याशिवाय त्यांचं पुढे सरकत नाही. स्वतः पसरणं, लवकर वयात येणं, भरपूर बी, मागे कुणी खाणारा नाही आणि समोर मोडलेली, उघडी जमीन: हे सगळं एकत्र आलं की पाहुणा घरमालक होतो.

पुणेकरांना हा धडा कुणी नव्याने शिकवायला नको. गाजरगवताची भारतातली पहिली ठळक नोंद १९५० च्या दशकातली, आणि ती पुण्यातली. उकिरड्यावर दिसलेली काही झाडं. अमेरिकेहून आलेल्या गव्हातून ते आलं असं मानतात; काँग्रेस गवत हेही त्याचंच नाव. तेव्हाच कुणी वाकून ती मूठभर झाडं उपटली असती तर, असा विचार मी वेताळ टेकडीवर शिंकताना अनेकदा केलाय. पुढे ते देशभर गेलं. १९८० च्या दशकात त्याची पानं खाणारा भुंगा मेक्सिकोहून आणून सोडला; तो पावसाळ्यात खातो बऱ्यापैकी, पण गवत काही संपलं नाही. त्याच टेकड्यांवर 'हिरवळ' म्हणून लावलेलं गिरिपुष्प आता हटवावं की ठेवावं यावर भांडणं चालू आहेत. आणि मुठेत, पाषाणच्या तळ्यात जलपर्णी. तीही दक्षिण अमेरिकेची, तीही मुळात सुंदर जांभळ्या फुलांसाठी जगभर फिरवलेली.

पँपास पुण्याच्या उन्हात टेकड्या व्यापेल, असं मी म्हणत नाही. मला धास्ती आहे ती वरची. सह्याद्रीचे सडे, कासचं पठार, महाबळेश्वरचा माथा ही एका अर्थी बेटंच आहेत. भोवती समुद्र नाही, खालचा गरम प्रदेश आहे, एवढाच फरक. वरच्या गार, धुक्याच्या, पातळ मातीच्या जगात अशी चिमुकली झाडं राहतात जी दुसरीकडे नाहीत. निलगिरीच्या माथ्यावर युरोपातून शोभेसाठी आणलेल्या गॉर्स आणि ब्रूम या पिवळ्या फुलांच्या झुडपांनी तिथल्या गवताळ रानाचं काय केलं, ते तिथे जाऊन पाहता येतं. आणि हल्ली डोंगरमाथ्यावर फार्महाउस बांधणारा प्रत्येक जण नर्सरीत जाऊन 'काहीतरी हटके' मागतो.

लग्नातल्या तुऱ्याचं म्हणाल तर ब्लीच केलेले, रंगवलेले तुरे फारसे उगवायच्या लायकीचे उरत नाहीत. चांगला उत्पादक तुरा पिकायच्या आतच कापतो, कारण पिकलेला तुरा झडतो आणि गिऱ्हाइकाच्या सोफ्यावर केस पडतात. बरेचसे तर कापडी किंवा प्लॅस्टिकचे असतात. त्यांचं पाप वेगळं. काळजी घ्यायची ती पिकलेल्या, न रंगवलेल्या नैसर्गिक तुऱ्याची, आणि त्याहून जास्त कुंडीतल्या जिवंत रोपाची आणि ऑनलाइन पुडीत येणाऱ्या बियांची. वापरून झालेला खरा तुरा बाल्कनीतून झटकू नये, फार्महाउसच्या कंपोस्टमध्ये टाकू नये, पिशवीत बांधून द्यावा. एवढं पुरे.

हे सगळं मी काकांना पंगतीत, मठ्ठ्याच्या दुसऱ्या वाटीपर्यंत सांगितलं. ते काही बोलले नाहीत. जेवण झाल्यावर हात धुऊन सरळ दाराशी ठेवलेल्या पितळी घंगाळाकडे गेले. स्टेजवरचे तुरे कापडी निघाले होते, पण घंगाळातले खरे होते. काकांनी एका तुऱ्याचं टोक चिमटीत धरून तळहातावर चुरगळलं, बाजरीचं कणीस चुरगळून दाणा बघतात तसं. हळूच फुंकर मारली. केस उडून पंख्याच्या वाऱ्याला लागले आणि पाहुण्यांच्या डोक्यांवरून निघून गेले. उरलेलं त्यांनी चष्म्याजवळ नेलं.

"फोल आहे," म्हणाले.

मग शेजारचा तुरा ओढला.